शाहिरी कला आणि व्यवसाय

शाहिरी कला आणि व्यवसाय : पोवाडा, लावणी, फटका इ. रचना करून त्या डफ, तुणतुणे, मंजिरी यांच्या साथीने लोकांसमोर गाणाऱ्या कवि-गायकास मराठीत शाहीर म्हणतात. शाहिराची कला प्रारंभापासूनच आश्रयावर जगत आली. हा आश्रय प्रथम राजदरबाराचा, नंतर तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचा आणि विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती व दूरचित्रवाणी यांचा होता. आश्रयदाता बदलला, की गीताची लांबी, साथीदारांची संख्या, विषय आणि भाषा यांतही बदल घडून आले. शाहिरी संगीतातील बहुतेक नवे प्रयोग या देवघेवीतूनच निर्माण झाले आणि शाहिरांचे व्यवसायाशी झालेले संघर्षही तिच्यातूनच उद्भवले. कृष्णराव साबळे ऊर्फ शाहीर साबळे (३ सप्टेंबर १९२३–२० मार्च २०१५) यांच्या कारकीर्दीत ही प्रक्रिया सर्वांत स्पष्टपणे दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांचे कार्य मध्यवर्ती धरून, तत्पूर्वीची परंपरा आणि रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन परिसरातील लोकगायनाची स्थिती यांचा विचार केला आहे.

राजाश्रयाचा काळ : उपलब्ध पोवाड्यांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा पोवाडा अज्ञानदासाचा असून तो अफझलखानाच्या वधावर (१६५९) आहे. त्याबद्दल शाहिरास घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा निर्देश पोवाड्यातच येतो. शाहिराच्या मोबदल्याचा मराठीतील हा पहिला उल्लेख म्हणता येईल. पुढे या कलेला सर्वांत मोठा आश्रय पेशव्यांच्या काळात मिळाला. हे पेशवे घराणे मूळचे श्रीवर्धनचे. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे किनारा सोडून घाटावर आले आणि १७१३ मध्ये शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. या घराण्यातील अखेरचा पेशवा दुसरा बाजीराव (कार. १७९६–१८१८) याच्या कारकीर्दीत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम इ. शाहिरांची रचना बहरास आली.

या आश्रयामुळे प्रयोगास वाव मिळाला. होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा कारंजकर हा गायक अशी जोडी होती. त्यांनी लावणीला रागदारीचा साज चढविला आणि ढोलकीच्या जागी तबल्याची साथ आणली, असे मानले जाते. बैठकीच्या लावणीचा पाया यातूनच घातला गेला. दरबारातील निवांत श्रोता, बंदिस्त जागा आणि पुरेसा वेळ नसता, तर हे घडणे अवघड होते. मात्र याच आश्रयाने शृंगारिक रचनेला प्राधान्य मिळवून दिले. अनंत फंदीने अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील ऐतिहासिक सत्य कितीही असो, आश्रयदात्याची रुची आणि कवीची स्वतःची धारणा यांतील ताण त्या काळीही जाणवत होता, हे तीवरून दिसते.

तिकिटाचा काळ : १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि दरबारी आश्रय संपुष्टात आला. शाहिरांचे फड जत्रा, गावोगावचे वाडे आणि पुढे मुंबई–पुण्यातील थिएटरे यांकडे वळले. पोवाड्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून याच शतकात लक्ष गेले. हॅरी ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून हा प्रकार समाजप्रबोधनासाठी वापरला होता. धंदेवाईक फडांची वाट मात्र वेगळी होती. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम स्थिर झाला आणि फडाचे उत्पन्न रोजच्या गल्ल्यावर अवलंबून राहिले.

या व्यवस्थेतील कलावंताचे भवितव्य पठ्ठे बापूराव (श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६–१९४५) यांच्या चरित्रात दिसते. रेठरे हरणाक्ष येथील हा ब्राह्मण कवी जात व घर सोडून फडात आला. त्याच्या लावण्यांनी आणि वगांनी मुंबईतील थिएटरे भरली. तथापि अखेरचे दिवस त्याने पुण्यात दारिद्र्यात काढले. फडासाठी केलेल्या रचनेपासून, ती पुढे कितीही गायिली गेली, तरी कवीस कायमचे उत्पन्न मिळण्याची कोणतीही तरतूद नव्हती.

राजकीय पथके व सरकारी नियंत्रण : तिकिटाच्या बंधनातून शाहिरी कला बाहेर काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न राजकीय चळवळींनी केला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये स्थापन झाले. अण्णाभाऊंनी गणातील देवस्तवनाच्या जागी मातृभूमीचे व श्रमिकांचे वंदन आणले, गौळणीला फाटा दिला आणि वगाला गिरणगावातील जीवनाचा विषय दिला. ‘लोकनाट्य’ हे नाव याच सुमारास रूढ होऊ लागले. या पथकाला कामगार संघटनेचा आधार असल्याने गल्ल्याची चिंता कमी होती. परंतु सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले.

धंदेवाईक तमाशावरही १९४८ मध्ये अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई सरकारने बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुधारणा सुचविल्या आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर प्रयोगांस परवानगी मिळू लागली. बतावणी ही मुळात आयत्या वेळी सुचणाऱ्या संवादांवर उभी असते. ती आधी लिहून मंजूर करून घ्यावी लागल्यामुळे अशिक्षित सोंगाड्याची अडचण झाली, तर लिहिता-वाचता येणाऱ्या शाहिराला संधी लाभली. साबळे यांच्या पिढीने या संधीचा उपयोग करून घेतला.

ध्वनिमुद्रिकेचे बंधन : भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये प्रारंभ झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. पोवाडा अनेक चौकांचा असतो. त्यात नमन, कथाभाग, मध्येच गद्य निवेदन, द्रुत लयीचा कटाव आणि झीलकऱ्यांनी उचलून धरलेला ‘जी जी’ असा पसारा असून तो तास-दोन तासही चालतो. तबकडीसाठी त्यातील एखादाच चौक निवडावा लागे. गद्य निवेदन गळे, झील आखूड होई आणि श्रोत्यांच्या प्रतिसादावरून लय वाढविण्याची सोय राहत नसे. डफाचा मोठा आवाज जुन्या यंत्रावर नीट उमटत नसल्याने वाद्यमेळही बदलावा लागे. गायकास बहुधा ठरावीक रक्कम किंवा अल्प स्वामित्वधन मिळे. झीलकऱ्यांची नावे क्वचितच छापली जात.

तथापि ध्वनिमुद्रिकेमुळे शाहिराचा आवाज त्याच्या फडाच्या पलीकडे पोहोचला, हेही तितकेच खरे. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे गीत श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वेळी (१९६०) साबळे यांच्या आवाजात ते घरोघर गेले. साबळे यांची ओळख ज्या गीताने सर्वदूर झाली, ते त्यांच्या स्वतःच्या फडात निपजलेले नव्हते आणि त्याची बांधणीही पोवाड्याच्या चौकांची नव्हती. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून अंमलात आले. त्यासाठी मूळ गीतातील दोन चरण निवडण्यात आले.

शाहीर साबळे : जडणघडण व प्रयोग : साबळे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात पसरणी येथे झाला. शिक्षणासाठी ते आजोळी अमळनेर येथे राहिले. तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. सातवीपर्यंतच्या शिक्षणानंतर ते गायनाकडे वळले आणि स्वातंत्र्यचळवळ, गोवामुक्ती व संयुक्त महाराष्ट्र या आंदोलनांत त्यांनी शाहीर म्हणून भाग घेतला. त्यांच्या प्रथम पत्नी भानुमती या कवयित्री होत्या आणि साबळे यांनी गाइलेली अनेक गीते त्यांनी लिहिली. होनाजी-बाळा यांच्याप्रमाणेच येथेही लेखणी एकाची व गळा दुसऱ्याचा होता. कीर्ती मात्र बव्हंशी गळ्याच्या वाट्याला आली.

साबळे यांच्या प्रयोगांचे दोन भाग पडतात. पहिला नाट्याचा होय. यमराज्यात एक रात्र (१९६०), आंधळं दळतंय (१९६६), असुनी खास मालक घरचा इ. मुक्तनाट्यांतून त्यांनी तमाशाचा आकृतिबंध नाट्यगृहात आणला. लावणीनर्तकीच्या आकर्षणावर विसंबण्याऐवजी त्यांनी उपहास, गायन आणि सामाजिक भाष्य यांवर भर दिला. त्यामुळे तमाशाला न जाणारा मध्यमवर्गीय प्रेक्षक, विशेषतः स्त्रीवर्ग, या प्रयोगांस येऊ लागला. मुंबईतील मराठी माणसाच्या उपेक्षेवरील आंधळं दळतंय हे नाट्य शिवसेनेच्या स्थापनेच्या वर्षीच रंगभूमीवर आले आणि त्याचा त्या वातावरणाशी निकटचा संबंध जोडला गेला.

दुसरा भाग संगीताचा आहे. परंपरेने प्रत्येक लोकगायनप्रकाराचा गायकवर्ग, वाद्ये आणि प्रसंग निश्चित होते. गोंधळ्याने संबळावर देवीचा गोंधळ घालावा, वाघ्या-मुरळीने दिमडी व घाटीवर खंडोबाचे जागरण करावे, भारूड टाळ-पखवाजावर व्हावे आणि पोवाडा डफावर गाइला जावा, अशी विभागणी होती. साबळे यांनी हे सर्व प्रकार एकाच गायकाच्या कक्षेत आणले. एकनाथांची भारुडे, खंडोबाची जागरणगीते, अनंत फंदीचा फटका आणि किनाऱ्यावरील ‘या गो दांड्यावरून’ हे कोळीगीत या सर्वांना त्यांनी आपल्या खुल्या, उंच पट्टीच्या व स्पष्ट शब्दोच्चाराच्या आवाजात स्थान दिले. प्रत्येक प्रकाराचे मूळ वाद्य व ठेका शक्यतो राखणे आणि चित्रपटसंगीताचा मोठा वाद्यवृंद टाळणे, ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत.

फिरत्या रंगमंचाचा प्रयत्न : नाट्यगृहे शहरांतच होती, खेड्यात प्रयोग करावयाचा, तर जागा, मंच व प्रकाशयोजना यांची अडचण येई. तमाशाचे फड तंबू घेऊन फिरत, पण त्यांची अर्थव्यवस्था वेगळी होती. दसऱ्यानंतर फड बाहेर पडत, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगाव येथे राहुट्या लागत आणि गावकरी तेथे येऊन जत्रेसाठी फड ठरवीत. यासाठी दिल्या जाणाऱ्या विसाराला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारीमुळे फडाचा धोका गावाकडे जातो. मात्र काय सादर करावयाचे, यावर गावाचा शब्द चालतो. साबळे यांनी सुपारीऐवजी स्वतःचे फिरते नाट्यगृह काढण्याचे धाडस केले. मंच, वाहने, तंत्रज्ञ व कलावंत यांचा सर्व भार त्यांच्या एकट्याच्या पार्टीवर पडला. हा उपक्रम आर्थिक दृष्ट्या टिकू शकला नाही आणि त्यांना कर्जाचा बोजा सोसावा लागला.

आसामात अच्युत लहकर यांनी १९६३ मध्ये पाठशाला येथे सुरू केलेली फिरती रंगभूमी मात्र स्थिरावली. तेथे गावोगावच्या समित्या व शाळा मंडळींना काही रात्रींसाठी आमंत्रण देतात आणि उत्पन्नातील वाट्यातून स्थानिक संस्थांना मदत होते. म्हणजे धोका वाटला जातो, पण नाट्यवस्तूची निवड मंडळीकडे राहते. महाराष्ट्रात अशी मधली व्यवस्था उभी राहिली नाही. साबळे यांच्या अपयशाचे कारण प्रेक्षकांच्या अनास्थेपेक्षा या उणिवेत अधिक शोधावे लागते.

लोकधारा व ध्वनिफितींचा काळ : मुंबईतील गिरणी कामगार हा शाहिरांचा भरवशाचा श्रोता होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगावाचे सांस्कृतिक जीवनच उसवले. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ पासून सुरू झाले होते. १९८० नंतर ध्वनिफीतही स्वस्त झाली. या बदलत्या परिस्थितीत साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम उभा केला. वासुदेव, गोंधळ, भारूड, कोळीनृत्य, बाल्यानृत्य, मंगळागौर, लावणी व पोवाडा यांचे दर्शन त्यात एकाच बैठकीत घडे. अनेक तरुण कलावंतांची ती शाळाच ठरली.

या कार्यक्रमावर आक्षेपही घेता येतो. रात्रभर चालणारे जागरण किंवा गोंधळ काही मिनिटांत आटोपल्यास त्यातील विधी गळून केवळ देखावा उरतो. तबकडीने जे पोवाड्याचे केले, तेच मंचाने येथे जागरणाचे केले. लोकधारेच्या यशानंतर याच नमुन्याचे अनेक कार्यक्रम निघाले. त्यांत मूळ वाद्यांची जागा पुष्कळदा विद्युत् वाद्यांनी घेतली आणि नृत्याला गायनापेक्षा अधिक महत्त्व आले. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी वेगळा मार्ग पतकरला. जांभूळ आख्यान या त्यांच्या प्रयोगात द्रौपदी व कर्ण यांच्याविषयीची एकच लोककथा सलगपणे गायन, निवेदन व अभिनय यांतून उलगडते. विविधतेऐवजी विस्तार राखणारा हा प्रयत्न लोकधारेशी ताडून पाहण्याजोगा आहे.

श्रीवर्धन परिसरातील स्थिती : या घडामोडींचा परिणाम लहान गावांत कसा झाला, हे श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पाहता येते. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात नारळी-पोफळीच्या वाड्या असून येथील रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. वाड्या, भातशेती व मासेमारी यांवर सर्वांचा निर्वाह होत नसल्याने येथील अनेक कुटुंबांतील पुरुष मुंबईस चाकरीसाठी जात. गणेशोत्सवात ते गावी परतले, की जाखडी अथवा बाल्यानृत्य रंगे. त्यात शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष असून शाहीर एकमेकांस कूटप्रश्न घालतात. हेच सामने पुढे मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तिकीट लावून होऊ लागले. त्यामुळे शाहिरांस उत्पन्न व नाव मिळाले. त्याचबरोबर लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालीवर पदे बांधण्याचा प्रघात वाढला आणि पुराणातील कूटप्रश्नांची जागा टोमण्यांनी घेतली.

कोळीगीताची कथा याहून निराळी आहे. १९७० च्या सुमारास शांता शेळके यांची कोळीगीते हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात ध्वनिमुद्रित झाली आणि हेमंतकुमार व लता मंगेशकर यांच्या आवाजांनी ती सर्वतोमुखी झाली. ती उत्तम भावगीते होत. परंतु त्यांतून कोळीवाड्यातील गायकास काही मिळाले नाही. पुढे ध्वनिफितींच्या काळात वेसावे येथील कोळी मंडळींनी स्वतःच आपल्या गीतांचे ध्वनिमुद्रण करून या बाजारात स्थान मिळविले. किनाऱ्यावरील लग्नात अशी मुद्रित गीते आता सर्रास वाजतात. याउलट आगरी समाजातील विवाहविधीचे धवले गाणाऱ्या धवलारीण स्त्रीचे गायन विक्रीच्या कक्षेत फारसे आलेच नाही. तिचा मोबदला यजमानाने दिलेल्या मानाच्या स्वरूपात असतो. तिच्या गीतांत बाजारी बदल झाले नाहीत, पण ती शिकणाऱ्या मुली कमी झाल्या. व्यवसायापासून अलिप्त राहिल्याने गायन शुद्ध राहते. ते टिकेलच, असे मात्र म्हणता येत नाही.

हक्काचा प्रश्न : १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्या कंपनीस दिला. गायकाचा ‘प्रयोगकर्ता’ म्हणून स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाला आणि कवी-संगीतकारांच्या स्वामित्वधनास २०१२ च्या दुरुस्तीने बळकटी आली. लोकगीतांच्या बाबतीत या तरतुदी अपुऱ्या पडतात. तबकडीवर ‘पारंपरिक’ असा शब्द छापला, की गीताला कर्ता राहत नाही. ज्या समाजाने ते जतन केले, त्यासही वाटा मिळत नाही.

मूल्यमापन : साबळे यांना १९९८ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. माझा पवाडा हे त्यांचे आत्मचरित्र असून २०२३ मध्ये त्यांच्या जीवनावर महाराष्ट्र शाहीर हा चित्रपट निघाला. त्यांच्या कार्याचे मोल सन्मानांपेक्षा एका गोष्टीत अधिक आहे. तबकडी, नाट्यगृह, दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांचा उपयोग करूनही त्यांनी स्वतःची पार्टी मोडू दिली नाही. काय गावे, किती वेळ गावे आणि कोणाच्या साथीने गावे, हे ठरविण्याचा अधिकार शाहिराला त्याच्या फडामुळे मिळतो. फड गेला, की तो इतरांच्या कार्यक्रमातील एक आवाज बनतो. या अधिकाराची किंमत साबळे यांनी कर्जाच्या रूपाने मोजली. बाजारापासून दूर राहिलेली शाहिरी परंपरेत कधीच नव्हती. अज्ञानदासालाही तोडा मिळालाच होता. मात्र त्याने पोवाडा पुरा गाइला आणि बक्षीस नंतर स्वीकारले. पुढील काळात मोबदला आधी ठरू लागला आणि त्याच्या मापाने गीत कापले जाऊ लागले. शाहिरांचा व्यवसायाशी झालेला झगडा मुख्यतः या बदललेल्या क्रमाविरुद्ध होता.